कल्ल्यांचा रंग

हर्णै बंदरावर बर्फाच्या कारखान्याला पाठ टेकून
माझं सहा बाय चारचं दुकान.
स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगचं भोक, विसरलेले पासवर्ड.
पासवर्ड माझ्याकडे नसतात, तरी लोक विचारतात.

आज एकाच सकाळी दोन आले.
एक द्वारकाबाई चोगल्यांचा, अठरा हजारांचा,
काचेवर दोन खवले वाळून चिकटलेले,
कव्हरात एसटीचं तिकीट आणि पन्नासची घडी.
बर्फाच्या टपात पडला. "सुरमईचा भाव ऐकून
चक्कर आली त्याला," त्या म्हणाल्या.

दुसरा त्यांच्या जावयाचा. निशिकांत जहाजावर इंजिनियर,
फोन सिंगापूरचा, एक लाख तीस हजार.
होडीतून उतरताना खाडीत.
"पण हा पाण्यात चालतो," असं तो तीनदा म्हणाला.
चालत असेल.
जाहिरातीतलं पाणी गोडं असतं.

दोघांना उघडून शेजारी शेजारी निजवलं.
महागड्याचा स्क्रू माझ्या एकाही पेचकसाला दाद देईना,
स्वस्ताचं झाकण नखानं निघालं
शेजारच्या घराच्या कडीसारखं.
आत मात्र दोघांच्या तांब्यावर तोच हिरवा,
पितळेत ताक कळकावं तसा.
मीठ हप्ते विचारत नाही.

चारला दोन्ही जिवंत झाले.
निशिकांत म्हणाला, "आता खरं सांग, मुनीर.
सासूबाईंचा हा माझ्या ह्याला टक्कर देईल?"
मी म्हटलं, मी डॉक्टर, सोयरीक जुळवणारा नव्हे.
तरी दुकान ओढून गेलोच धक्क्यावर.

लिलाव संपत आला होता.
द्वारकाबाईंनी एक पापलेट कल्ला उचलून धरलं,
रोज धरतात तसं, पुण्याच्या हॉटेलवाल्याला फोटो जातो.
आधी त्यांच्या फोननं. मग जावयाच्या.
जावयाच्या फोटोत कल्ला लालभडक,
डोळा पाणीदार, जणू आत्ताच जाळ्यात आलेलं.
निशिकांत हसला. मीही, मनातल्या मनात, हरलो अठरा हजारांकडून.

द्वारकाबाई एकदा हातातल्या माशाकडे बघत होत्या,
एकदा काचेतल्या.
"हा कालचा हाय रे," त्या म्हणाल्या,
"आन् तुझा फोन ह्याला आजचा करतो.
पुण्याचा मानूस पेटी उघडंल तवा
तोंड फोन दाखवनार का मी?"
आणि फिकट कल्ल्याचा फोटो पाठवून दिला,
भाव चाळीस रुपये कमी करून.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.
स्वस्ताची बाजू घेऊन घरी जाता आलं असतं.

पण दिवे लागणीला निशिकांतनं
सुवर्णदुर्गाकडे फोन रोखून धरला.
माझ्या डोळ्यांना नुसता काळोख,
द्वारकाबाईंच्या फोनला तांदळाच्या कण्या उधळल्यासारखा काळोख.
त्याच्या फोटोत मात्र तटाखाली एक होडी निघाली.
दिवा नाही. एक माणूस उभा,
वल्हं उजव्या हातात.
बाजूला उभ्या खलाशांना दाखवली.
कुणालाच ओळखता येईना.
आणि जिकडे बोट करत होतो तिकडे
आम्हाला अजूनही काही दिसत नव्हतं.

कल्ला लाल करणारी काच
ही होडीही स्वतःच रंगवत असेल का?
की चाळीस वर्षं मी ह्या बंदरावर
अर्धाच समुद्र बघत आलो?

निशिकांतनं मजुरीचे बाराशे दिले, घासाघीस न करता.
द्वारकाबाईंनी साडेतीनशे, घासाघीस करून,
वर तेच कालचं पापलेट.

रात्री बायकोनं तळलं. चांगलं लागलं.
हात धुऊन पडवीत आलो, माझा फोन काढला
(नऊ हजारांचा, कोपरा फुटका, लोकांचे दुरुस्त करतो)
आणि किल्ल्याच्या दिशेनं धरून
बराच वेळ उभा राहिलो,
बटण न दाबता.